गेहजीची बायको

अबीटलचं लग्न ठरलं तेव्हा तिचा बाप गावभर सांगत सुटला होता, "जावई देवाच्या माणसाकडे चाकरीला आहे." चाकरी म्हणजे काय, तर धन्याच्या मागून चालायचं, हातावर पाणी घालायचं, दारी कोण आलंय ते आत जाऊन सांगायचं. पण धनी असा, की त्याच्या नुसत्या नावाने शोमरोनचा राजा सावरून बसे. खारट झरा त्याने गोड केला होता, यार्देन नदी दुभंगवून कोरड्या पायांनी अलीकडे आला होता. बापाने लग्नात एक मेंढा जास्तीचा कापला.

गेहजी दिसायला देखणा, बोलायला त्याहून. दिवसभर देवाच्या माणसासमोर मान खाली घालून वागायचा आणि घरी आला की त्या सगळ्याची भरपाई करायचा. कोण कसा रडत आला, कुठल्या सरदाराने धन्याच्या पाया पडताना हळूच आपले गुडघे झटकले, अशा नकला करायचा की मागावर बसलेल्या अबीटलच्या हातातला धोटा गळून पडे. एकदा धन्याने आपली काठी देऊन त्याला शूनेमला पिटाळलं. तिथे एका बाईचं पोर मेलं होतं. वाटेत कुणाशी बोलू नकोस, धावत जा, काठी पोराच्या तोंडावर ठेव, असा निरोप. गेहजी भेटेल त्याला काठी दाखवत गेला. "काय हो, तुम्हाला काय वाटतं, या लाकडाने मढं उठेल?" पोर उठलं नाही. मागाहून धनी स्वतः गेला, तेव्हा उठलं.

गेहजीने हेही घरी हसत हसत सांगितलं. अबीटलही पोट धरधरून हसली. पण त्या दिवसानंतर त्याच्या बोलण्यात काहीतरी आंबल्यासारखं झालं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसं त्याचं झालं होतं. वीस वर्षं चमत्काराच्या बाजूला उभं राहून त्याला चमत्काराची चव राहिली नव्हती.

आणि घरात ददात होती. धनी कुणाकडून काही घेत नसे. कुणी जवाच्या भाकरी आणल्या तर त्या शिष्यांत वाटून टाकायचा, आणि गेहजी रिकाम्या हाताने घरी. अबीटल लोकांची लोकर घेऊन विणून द्यायची, त्यावर चूल पेटायची. अहबान, मोलीद आणि यादा असे तीन मुलगे, तिघेही मिसरूड फुटण्याच्या वयातले, आणि तिघांत मिळून बाहेर घालायचे झगे दोन. दोघांनी बाहेर जायचं, तिसऱ्याने भिंतीला टेकून वाट बघायची. एका सकाळी ती सहज बोलून गेली, "जगाची अंगं झाकतेय मी, माझीच पोरं उघडी." गेहजीने ऐकलं.

त्याच दिवशी शेजारच्या अराम देशाचा सेनापती परतून आला. आठवड्यापूर्वी तो कोड घेऊन आला होता, धन्याने त्याला यार्देनमध्ये सात बुड्या मारायला सांगितलं होतं, आणि आता त्याची कातडी लहान मुलासारखी झाली होती. दारात रथ, घोडे, चांदी, सोनं, कपड्यांचे गठ्ठे. धन्याने हात जोडून सगळं परत पाठवलं.

दुपारी अबीटल मागावर होती. गेहजी आत आला, घामाघूम, हातात दोन जड पिशव्या आणि खांद्यावर दोन नवे झगे.

"हे कुठून?"

"धन्यानेच दिलं."

"धन्याने?"

"अगं, कधी नव्हे ते दिलं माणसाने, तर चौकशा काय करतेस? आत ठेव."

थट्टा नाही, नक्कल नाही. खोटं बोलताना गेहजीला विनोद सुचत नसे, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तिने झगा हातात घेतला. दमास्कसचं काम, वीण इतकी घट्ट की नख शिरत नव्हतं. विणकरणीचा हात तो. झगा घेऊन आपोआप गालाकडे गेला. तिने एकदा विचारलं होतं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. पिशव्या मागाखालच्या खड्ड्यात ठेवल्या, झगे घडी करून पेटीत. गेहजी तोंड धुऊन धन्याकडे कामाला गेला.

ऊन कलता कलता तो परत आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"पुढे येऊ नकोस," तो म्हणाला.

त्याचा चेहरा, मान, हात, सगळं हेर्मोन डोंगरावरच्या बर्फासारखं पांढरं झालं होतं.

"त्याच्या रथामागे धावलो. धन्याच्या नावाने खोटं सांगून मागितलं. म्हटलं, डोंगरातून दोन गरीब शिष्य आलेत, त्यांच्यासाठी द्या." तो जमिनीकडे बघत होता. "धन्याने विचारलं, कुठे होतास? मी म्हटलं, इथेच तर होतो. त्यांना सगळं दिसलं होतं गं. त्या सेनापतीचं कोड तुला आणि तुझ्या लेकरांना, म्हणाले."

"लेकरांना?"

त्याला उत्तर द्यावं लागलं नाही. आठवडा उलटायच्या आत अहबानच्या कोपराला पांढरा डाग आला, मग मोलीदच्या पाठीला, मग यादाच्या कपाळाला. याजकाने येऊन पाहिलं आणि नियमाप्रमाणे चौघांना वेशीबाहेर काढलं. अबीटलच्या अंगावर मात्र काही आलं नाही. रोज सकाळी ती अंगण झाडायच्या आधी स्वतःचे हात-पाय उन्हात धरून तपासायची. डाग नाही हे बघून तिला हायसं वाटत नव्हतं. शेजारची सिब्या विहिरीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची, "सगळं घर भिजलं नि ही बरी कोरडी राहिली!"

झगे तिने अंगणात जाळले. पिशव्यांतल्या चांदीचं काय करावं ते कळेना. धन्याच्या दारात नेऊन ठेवली, तर नव्या चाकराने काठीने ढकलून परत पाठवली. व्यापाऱ्याकडे नेली, तर तो मागे सरून थुंकला. ती पुन्हा मागाखालच्या खड्ड्यात गेली.

वेशीबाहेर एक सपाट दगड होता. अबीटल त्यावर भाकरी आणि पाण्याचा डेरा ठेवून वीस पावलं मागे जायची, मग झोपडीतून कुणीतरी येऊन घेऊन जायचं. बोलणं व्हायचं ते वीस पावलांवरून. घरातल्या गोष्टी अशा ओरडून बोलायच्या म्हणजे वाटेवरचा गाढववालाही ऐकणार. हळूहळू बोलणं भाकरी, पाणी, हवा एवढ्यावर आलं. गेहजी बहुधा झोपडीतच बसे.

महिनाभराने ती धन्याकडे गेली. नवरा जिथे उभा राहायचा त्याच दाराशी नवा चाकर उभा होता.

"काय काम आहे?"

"काम नाही. एक विचारायचंय."

धनी स्वतः बाहेर आला. टक्कल उन्हात चमकत होतं, पण चेहरा महिन्यात दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

"बोल, लेकी."

"लबाडी त्यांनी केली, धनी. पोरांनी काय केलं होतं? आणि करणाऱ्यांतच धरायचं तर मला धरा. मला कळलं होतं आणि मी गप्प बसले. मला द्या ते कोड, पोरांना सोडा."

"तो शब्द माझा असता तर मी गिळला असता," धनी म्हणाला.

"वीस वर्षं त्यांनी तुमच्या हातावर पाणी घातलं."

"हो."

"आई पोराला मारते ना, तेव्हा एका हाताने मारते आणि दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरून ठेवते. पोर पळून जाऊ नये म्हणून. तुम्ही दोन्ही हातांनी ढकललंत."

धनी वळून आत गेला. त्या दिवशी तो जेवला नाही असं नंतर नव्या चाकराने कुणाला तरी सांगितलं, ते फिरत फिरत तिच्या कानावर आलं. तिला त्याने काही समाधान झालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अरामाचं सैन्य आलं आणि शहराला वेढा घालून बसलं. वेशी बंद झाल्या. कोडी माणसं तटाच्या पायथ्याशी तशीच राहिली, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला शत्रूचे तंबू. त्यांना आत घ्यायला कुणी तयार नव्हतं आणि तटावरच्या बाणांमुळे अरामी शिपाई तेवढ्या जवळ येत नसत. अबीटलने तटावरच्या रखवालदाराची विनवणी केली. त्याने नजर दुसरीकडे वळवली आणि ती दोरीला टोपली बांधून भाकरी खाली सोडू लागली. खालून दोनदा ओढ बसली की पोचलं.

तिसऱ्या महिन्यात धान्य संपलं. बाजारात गाढवाचं मुंडकं विकायला आलं, आणि त्याची किंमत ऐकून माणसं मटकन खाली बसत होती. अबीटलने खड्ड्यातल्या पिशव्या काढल्या. पूर्वी थुंकला होता तोच व्यापारी दुकानात होता.

"ही त्यातलीच आहे," ती म्हणाली. न सांगता देणं आता तिच्याने होत नव्हतं.

"चांदीला कोड लागत नाही, बाई. आण इकडे."

ते मुंडकं तिने शिजवलं आणि अर्ध्याहून जास्त टोपलीतून खाली गेलं. आणखी काही दिवस असेच गेले. मग विकायलाच काही उरलं नाही. पिशवीच्या तळाशी थोडी चांदी होती, ती काय चावून खायची? घराघरांतून ज्या गोष्टी ऐकू येऊ लागल्या त्या सांगण्यासारख्या नाहीत.

एका सकाळी ती तटावर गेली ती रिकामी टोपली घेऊनच. नुसती सोडावी, म्हणजे आई अजून जिवंत आहे एवढं तरी त्यांना कळेल. खालून दोनदा ओढ बसली. तिने दोरी वर घेतली तर टोपली जड. आत हिरवी पानं होती, दगडांच्या सांदीत उगवणारी रानभाजी, मुळासकट उपटलेली, माती झटकलेली.

"कोड्यांनी हात लावलाय त्याला," रखवालदार म्हणाला. त्याचेही गाल आत गेले होते.

"माझ्या पोरांचे हात आहेत ते."

तिथेच उभी राहून तिने पहिली मूठ कच्ची खाल्ली. दुसरी त्याच्यापुढे धरली. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि घेतली. उरलेली तिने घरी नेऊन उकडली, वाडगाभर सिब्याला दिली.

"कुठून आणलंस गं?"

"अहबान, मोलीद आणि यादाने पाठवली."

सिब्या घास तोंडात धरून तशीच बसली. मग गिळला. "मीठ हवं होतं," ती म्हणाली, आणि वाडगा बोटाने पुसून चाटला. त्यानंतर विहिरीवर ती अबीटलबद्दल बोलली नाही.

असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी संध्याकाळी टोपली खाली गेली आणि ओढ बसली नाही. अबीटलने दोरी हलवून पाहिली, नावं घेऊन हाका मारल्या. झोपडी रिकामी दिसत होती. ती तटावरच गुडघ्यात डोकं घालून बसून राहिली.

पहाटे वेशीपाशी आरडाओरडा झाला. कुठून तरी मोठ्या सैन्याचा आवाज आल्याचा भास होऊन अरामी पळून गेले होते, तंबू उभे, गाढवं बांधलेली, चुलीवरची भांडी तशीच. राजाने आधी घोडेस्वार पाठवून खात्री करून घेतली, मग वेस उघडली. जी माणसं काल भिंतीला धरून चालत होती ती धावत सुटली. वेशीत उभा असलेला राजाचा अंमलदार पायांखाली तुडवला गेला. अबीटल भिंतीला चिकटून उभी राहिली. गर्दी ओसरल्यावर बाहेर आली तर सपाट दगडाच्या पलीकडे चौघंही बसलेले.

"आई, तिथेच थांब," अहबान ओरडला. दगडावर त्यांनी तिच्यासाठी गव्हाची भाकरी, खजूर आणि मधाचं मडकं मांडून ठेवलं होतं.

झालं कसं ते यादाने सांगितलं. "भाजीही संपली होती. आबा म्हणाले, इथे बसून मरायचंच आहे, तर अराम्यांकडे जाऊन मरू. गेलो तर तंबूत कुणी नाही. आधी पोटभर खाल्लं. मग चांदी सापडली, झगे सापडले. नेऊन पुरले. दुसऱ्या तंबूतलंही नेऊन पुरलं. तिसऱ्या खेपेला आबा मध्येच खाली बसले, हातात झगा तसाच. म्हणाले, 'हे मी आधी केलंय.'"

गेहजी पाठ करून बसला होता.

"मग म्हणाले, तुमची आई आत भुकेली आहे आणि आपण खड्डे खणतोय. उठा. तसेच वेशीवर आलो आणि रखवालदाराला हाका मारून सांगितलं."

"आणि पुरलेलं?" अबीटलने विचारलं.

"त्या जागाही सांगून टाकल्या," गेहजी वळून म्हणाला. "आता अर्धं शहर तिथे खणत असेल. जमीन तरी नांगरून निघेल."

दीड वर्षात पहिल्यांदाच तो थट्टेने बोलला होता. अबीटलला हसू आलं आणि त्यापाठोपाठ रडू.

समोरून लोक पिठाची पोती ओढत चालले होते. उद्या पीठ स्वस्त होईल असं धन्याने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, म्हणून जो तो त्याचं नाव घेत होता. बातमी कुणी आणली हे विचारायला कुणाला सवड नव्हती. चौघांचं कोड होतं तसंच होतं. अबीटलने भाकरी उचलली आणि दगड ओलांडला.

"आई!"

"पुरे झालं आता. यायचं असतं तर त्या भाजीतून आलं असतं."

ती त्यांच्यात जाऊन बसली. अहबान दूर सरकला, तर तीही सरकली. शेवटी तो सरकायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी तिने माग सोडवला आणि अरामी टाकून गेलेल्या एका गाढवावर घातला. कोड्यांच्या झोपडीत विणलेलं कापड शोमरोनमध्ये कोण घेणार? ते उत्तरेकडे निघाले, वाटेवरच्या गावांबाहेर मुक्काम करत, आणि दमास्कसच्या बाहेर अंजिराच्या बागांपाशी राहिले. अराममध्ये कोड असलेला माणूस सेनापतीसुद्धा होऊ शकत होता. तिथे कुणी वीस पावलं मोजत नव्हतं. अबीटल विणायची, मुलं लोकर पिंजायची. ती दमास्कसची घट्ट वीणही शिकली.

चार वर्षांनी एके दिवशी धनी आला. सोबत चाकर नव्हता, पाय धुळीने भरलेले. गेहजी त्याला बघताच सवयीने पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाला आणि मध्येच थबकला. कोड्याने देवाच्या माणसाच्या हातावर पाणी घालायचं नसतं. तो तसाच उभा राहिला. अबीटलने तांब्या घेतला आणि पाणी घातलं.

"गेहजी, मी तुला न्यायला आलोय," धनी म्हणाला. "तू पश्चात्ताप कर. देवाकडे परत फीर."

"तुम्हीच शिकवलंत, धनी. एकटा बुडतो त्याला काठ सापडतो; दुसऱ्यांना घेऊन बुडतो त्याला नाही." गेहजीने मुलांकडे बोट केलं. "हे तीन बघा."

"मी शिकवलं ते चुकीचंही असेल."

गेहजीने मान वर केली. "हे तुम्ही वीस वर्षांत एकदा जरी म्हणाला असतात..."

धनी तीन दिवस अंजिराखाली राहिला. रोज विचारलं. रोज गेहजीने मान हलवली. त्यात हट्ट किती आणि लाज किती, हे अबीटललाही सांगता आलं नसतं. तिला दोघांचाही राग आला. एकाने शब्द टाकला, दुसरा तो कवटाळून बसला, आणि मध्ये तिची पोरं.

निघताना धनी तिच्यापाशी थांबला. "दुसरा हात घेऊन आलो होतो, लेकी. उशीर झाला."

"उशीर झाला," ती म्हणाली. "पण आलात." आणि वाटेसाठी त्याला भाकरी बांधून दिली.

गेहजी धूळ दिसेनाशी होईपर्यंत रस्त्याकडे बघत होता. "त्यांच्या एका जोड्याचा बंद तुटलाय," तो म्हणाला. "कुणाचं लक्ष नसतं वाटतं."

दोन हिवाळ्यांनी तो गेला. अंग धुवायला परकं कुणी आलं नाही; अबीटलने आणि मुलांनीच धुतलं. मरायच्या आधी मनातल्या मनात तो फिरला की नाही, हे तिने त्याला विचारलं नव्हतं. एक प्रश्न दुसऱ्यांदा न विचारल्याचं तिला आयुष्यभर बोचत होतं, पण हा न विचारल्याचं बोचलं नाही.

पुढे कधीतरी शोमरोनकडची एक व्यापाऱ्याची बायको कापड घ्यायला आली. बोलता बोलता तिने आपल्या मुलीला दटावलं, "पुन्हा खोटं बोलशील तर गेहजीसारखी पांढरी होशील!" मग अबीटलला समजावून सांगू लागली, की आमच्याकडे असा एक लोभी चाकर होऊन गेला.

"ठाऊक आहे," अबीटल म्हणाली. "माझा नवरा तो."

बाईच्या हातातलं कापड खाली पडलं. अबीटलने ते उचलून झटकलं.

"गोष्ट खरी आहे. पण वेढा उठल्याची बातमी शहरात कुणी आणली, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"चार कोडी होते ना कुणीतरी? त्यांची नावं कुठे कुणाला माहीत आहेत?"

"बसा," अबीटलने चटई सरकवली. यादाला तिने मागे पाणी आणायला पाठवलं आणि सांगायला सुरुवात केली.